सोमवारचे बूट

रुचाचा साखरपुडा झाला ते वर्ष २०२३. सप्टेंबरचा दुसरा शनिवार, गणपतीच्या आधी, मार्कम रोडवरच्या हॉलमध्ये. हॉल गुजराती माणसाचा, केटरर तमिळ, मुलगा नागपूरचा आणि पुरणपोळ्या फ्रोझन. रुचाच्या आजोबांना, दादासाहेबांना त्या चालल्या, आजीला, वनिताबाईंना चालल्या नाहीत. पण ही गोष्ट साखरपुड्याची नाही. त्यासाठी रुचानं जूनपासून जो स्लाइडशो करायला घेतला होता, त्यातून ही सगळी भानगड निघाली.

रुचा ही दादासाहेबांच्या मुलाची, गंधारची मुलगी. टोरोंटोत बँकेत कामाला होती. स्लाइडशोत दोन्ही घरांतली माणसं एकामागून एक दाखवायची असा तिचा बेत. बेसमेंटमधल्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि आजीला एकेक फोटो दाखवायची.

"आजी, हे तुझे बाबा. ही तुझी आई. ओके?"

"आणि माझा भाई?"

"त्यांचा फोटो कुठे आहे?"

"फोटो असता तर तुला विचारलं असतं का गं?" वनिताबाई म्हणाल्या. "नाहीच आहे. जगाचे फोटो आहेत, माझ्या भाईचा नाही."

त्यांचा भाई म्हणजे थोरला भाऊ, शरदचंद्र. तो १९६८ साली इंग्लंडमध्ये मेला तेव्हा वनिताबाई सतरा वर्षांच्या होत्या.

दादासाहेब शेजारी आरामखुर्चीत बसून टॅब्लेटवर इंजिनांचे फोटो बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सहा बहिणींनंतर झालेला मुलगा म्हणून बापानं त्यांचं नावच दादासाहेब ठेवलं होतं. साहेबी तेवढीच नशिबात आली. दाभोळच्या खाडीकाठचं गाव, घरात खाणारी तोंडं दहा. एकोणिसाव्या वर्षी दादासाहेब आणि त्याच वाडीतला शरद, दोघं जहाजावर आगवाले म्हणून लागले. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा मारणारा. १९६२ च्या वसंतात जहाज लिव्हरपूलला लागलं, तिथं दोघांनी जहाज सोडलं आणि उत्तरेकडच्या एका गावात रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसायच्या कामाला चिकटले. शरद चौथी शिकलेला. दादासाहेबांना अक्षर म्हणून ठाऊक नव्हतं. दोघांची पत्रं शरदच लिहायचा.

शरद गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याची ट्रंक घेऊन दादासाहेब गावी आले. शरदच्या आईनं त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाली, "माझ्या लेकाचा तू शेवटचा सोबती. आता वनीला तूच घेऊन जा." तसं लग्न झालं. १९७४ ला दोघं कॅनडात आली. दादासाहेबांनी स्कारबरोच्या एका ओतशाळेत सत्तावीस वर्षं लोखंड ओतलं.

अक्षरं त्यांना वनिताबाईंनी शिकवली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. स्वयंपाकघराच्या टेबलावर, ग्रोसरीच्या जाहिरातींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बायको मास्तरीण आणि नवरा विद्यार्थी, मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. सगळी अक्षरं आली, पण 'श' येईना. हात तिथं अडायचा. वनिताबाई चिडायच्या, "अहो, माझ्या भाईच्या नावातलं पहिलं अक्षर आहे, एवढं येत नाही तुम्हाला?" मग बावीस-तेवीस दिवसांनी तेही आलं. पुढं लायब्ररीत विजयालक्ष्मी नावाच्या बाईंनी इंग्रजी शिकवलं. तिथं काही अडलं नाही.

कोविडमध्ये घरात कोंडून माणूस वेडा व्हायला आला तेव्हा रुचानं त्यांना फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांचे फोटो टाकायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचं: इंजिन कोणतं, शेड कुठली, साल कोणतं. अकरा हजार लोक. बहुतेक म्हातारे गोरे, इंग्लंडमधले, ऑस्ट्रेलियातले आणि कॅनडातले. लहानपणी पुलावर उभं राहून वहीत इंजिनांचे नंबर उतरवून घेणारी ही मंडळी. दादासाहेबांसारखा इंजिनाचं पोट पुसलेला माणूस त्यांच्यात दुसरा नव्हता.

आणि त्यांना भराभर ओळखता यायचं. मागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याला टेंडर म्हणतात. त्याला रिव्हेट ठोकलेले असले तर चिंधी अडते आणि पत्रा वेल्डिंगनं जोडलेला असला तर सरळ फिरते. असं ज्याच्या हाताला ठाऊक, त्याला नंबर लागत नाही. ते एका बोटानं टाइप करायचे, "This one tender is riveted. I cleaned." की खाली पन्नास अंगठे. ग्रुपचा चालक कॉलिन म्हणून एक निवृत्त शिक्षक होता. तो लंडनमध्ये राहायचा, ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये, जिथं दादासाहेबांची मुलगी माधवी हॉस्पिटलात नर्स होती. कॉलिन लिहायचा, "Dada has spoken." मग वाद संपायचा. आयुष्यभर कोणी ज्यांचं ऐकलं नव्हतं त्या माणसाला म्हातारपणी हे मिळालं. ते वनिताबाईंना वाचून दाखवायचे.

"बघ. ऑस्ट्रेलियाचा माणूस थँक्यू म्हणतोय."

"मग काय, आरती ओवाळू?"

पण त्यांनाही ते आवडायचं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलिननं त्याच्या वडिलांच्या जुन्या निगेटिव्हमधला एक फोटो टाकला. वडील कॅमेरा घेऊन शेडी हिंडायचे, मात्र तारखा लिहायचे नाहीत. फोटोत शेडच्या तोंडाशी एक काळं, मळलेलं इंजिन, त्याच्या पुढ्यात दिव्याच्या आकड्याला टांगलेली एक पाटी आणि पाटीशेजारी उभा एक माणूस. खाली लिहिलं होतं: इंजिन कोणतं? टेंडर कोणता? तारीख? माणूस अनोळखी.

दादासाहेबांनी फोटो बघितला आणि टॅब्लेट उपडा ठेवला. चहा गार झाला तरी तो तसाच उपडा.

वनिताबाई वरून कपड्यांची बास्केट घेऊन आल्या. "बघू आज काय आलंय," म्हणून त्यांनी टॅब्लेट उचलला. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, चित्रं मात्र रोज बघायच्या. बघितलं आणि बास्केट हातातून खाली सुटली.

"अहो. हा भाई आहे."

दादासाहेबांनी गार चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"एका पायावर भार टाकून उभा आहे बघा. आई ओरडायची त्याला, बगळ्यासारखा काय उभा राहतोस म्हणून. अहो, बघा ना! तुम्ही ओळखला नाही?"

"असेल," दादासाहेब म्हणाले. "चष्मा पुसायला पाहिजे."

"असेल काय, आहे!"

संध्याकाळी रुचा आली. आजीनं तिला पायांतली चप्पलसुद्धा काढू दिली नाही. रुचानं बोटांनी फोटो मोठा केला, चेहरा स्पष्ट झाला आणि वनिताबाई साठ-एक वर्षांनी आपल्या भावाकडे बघत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "किती बारीक झाला होता."

"ओह माय गॉड, आजी, दिस इज इन्सेन. मी लिहिते ग्रुपवर. आजोबा, लिहू ना?"

"कशाला? आपल्यापाशी फोटो आला, झालं."

"अहो, तिथं अनोळखी लिहिलंय त्याला," वनिताबाई म्हणाल्या. "नाव लिहू दे. अनोळखी कसला? शरदचंद्र रामजी पालशेतकर. पूर्ण लिही, रुचा."

रुचानं लिहिलं: हा माझ्या आजीचा भाऊ, ११ मार्च १९६८ ला याच शेडमध्ये अपघातात गेला, आमच्यापाशी त्याचा दुसरा फोटो नाही. ग्रुप हलला. दोन दिवसांत चारशे लोकांनी फुलं आणि बदाम टाकले. आणि मग ती म्हातारी मंडळी कामाला लागली. हे लोक काम करायला लागले की उंदीर बिळातून काढतात. कोणी इंजिन ओळखलं. कोणी सांगितलं की ते इंजिन फेब्रुवारीच्या शेवटाला त्या शेडमध्ये आलं आणि मार्च संपायच्या आत भंगारात गेलं. कोणी सावली मोजून सकाळचे नऊ-साडेनऊ सांगितले. फोटो मार्चमधला ठरला. राहिली तारीख.

चौथ्या दिवशी इंग्लंडमधल्या एका बाईनं त्या गावच्या जुन्या पेपरातलं कात्रण टाकलं. रुचानं ते आजीला मराठीत सांगत वाचलं. "सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला... इंजिनखालच्या खड्ड्यात उतरून राख काढत होता... दुसऱ्या इंजिननं ते ढकललं... चौकशीत असं दिसून आलं की इंजिनवर पाटी लावलेली नव्हती. त्याच्या सोबत्यानंही तसंच सांगितलं."

सोबती म्हणजे कोण ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ही गोष्ट या घरात जुनीच. इंजिनाखाली उतरण्याआधी 'हलवू नये' अशी लाल पाटी पुढं टांगायची, हा शेडचा पहिला नियम. शरद विसरला आणि मेला. गावातही तेच पोचलं होतं. त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला, मी कोणाला दोष देऊ. एकट्या वनिताबाईंनी ते कधी मानलं नाही. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, "माझा भाई विसरणारा नव्हता हो. धोतराच्या निऱ्यासुद्धा मोजून घालायचा." आणि दरवेळी दादासाहेबांनी एकच उत्तर दिलं होतं, "माणूस विसरतो, वनिता."

कात्रणाखाली कॉलिनचा प्रश्न होता. रुचानं तोही वाचला. "फोटोत तर पाटी स्पष्ट दिसते आहे. मग हा फोटो दुसऱ्या दिवसाचा, नाहीतर चौकशी चुकली. दादा, तुम्ही तिथं कामाला होता. तुम्हीच सांगू शकता."

खोलीत तिघंच होते. वनिताबाई नवऱ्याकडे बघत होत्या. सगळं आयुष्य ज्याची वाट बघितली ते आता या माणसाच्या एका वाक्यावर होतं.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "त्याच दिवसाचा आहे का हा?"

दादासाहेबांनी टॅब्लेट घेतला. बोट काचेवर फिरलं. बराच वेळ लागला, पण त्यांना नेहमीच वेळ लागायचा. मग रुचानं वाचलं: "Not that day. One week before. I remember."

मिनिटाभरात कॉलिनचं उत्तर आलं. दादा बोलले, प्रश्न मिटला. फोटोखाली तारीख पडली: ४ मार्च १९६८. नाव: शरदचंद्र रामजी पालशेतकर.

"नाव तरी लागलं," वनिताबाई म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या.

पुढं महिनाभर काही झालं नाही. रुचानं फोटो छापून फ्रेम करून आणला आणि वनिताबाईंनी तो देवघराच्या बाजूला लावला. येता-जाता बघायच्या. ज्या गोष्टीकडे माणूस रोज बघतो ती एक दिवस त्याच्याकडे बघायला लागते. ऑगस्टमध्ये एका दुपारी दादासाहेब ड्राइव्हवेवरच्या टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालून खाली आले, तर वनिताबाई जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात बिस्किटांचा जुना डबा. त्यात लग्नाचं सर्टिफिकेट, सिटिझनशिपचे कागद आणि शरदचं शेवटचं पत्र.

"हे पत्र तारेनंतर पोचलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी मेल्याची तार आली आणि पंधरा दिवसांनी हा मजेत असल्याचं पत्र. मला पाठ आहे. तरी वाचते. ऐका."

"आता कशाला ते..."

"ऐका म्हणते ना. 'काल शनिवारी नवे बूट घेतले. काळी नाडी दुकानात संपली होती म्हणून पांढरी घातली आहे, दाद्या हसतो. उद्या सोमवारी कामावर घालीन.' खाली तारीख आहे, दहा मार्च."

दादासाहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तसेच उभे. हातात पाण्याचा रिकामा झारा.

"ते बूट तुम्हीच आणलेत ट्रंकेतून. आईनं माळ्यावर ठेवले होते. तळवे कोरे होते त्यांचे, एका दिवसाचे. मी हात फिरवायची त्यांच्यावर." त्यांनी फ्रेम उचलून पुढं धरली. "फोटोत बघा. पायांत काय आहे?"

काळ्या-पांढऱ्या फोटोतही दिसत होतं. काळे बूट आणि त्यांच्यावर दोन पांढऱ्या नाड्या, वहीत रेघ मारावी तशा.

दादासाहेबांना बूट आठवलेच नव्हते. पंचावन्न वर्षांत त्यांनी सगळं सांभाळून ठेवलं होतं, कुठली वस्तू कुठं होती, कोण काय बोललं, आणि बूट विसरले.

"एक आठवडा आधी," वनिताबाई म्हणाल्या. "आय रिमेंबर, असं लिहिलंत ना? काय रिमेंबर होतं ते मला सांगा."

ते पायरीवर बसले. मग सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगायला बसले तर ते अगदी थोडं निघालं.

शेडमध्ये पाच रूळ होते. एक ते पाच, ऑफिसच्या बाजूनं मोजायचे. त्या सकाळी दादासाहेबांचं इंजिन दोन नंबरवर होतं आणि शरदचं चारवर. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची, ही तिथली रीत. म्हणून प्रत्येकानं आपल्या पाटीच्या मागं खूण केलेली. शरदनं खिळ्यानं 'श' कोरला होता. दादासाहेबांची पाठ कोरी, कारण त्यांना कोरायला काही येत नव्हतं. त्यांचं काम संपलं. चहा पिऊन येताना फोरमन ओरडला, दोन नंबर बाहेर काढायचंय, तुझी पाटी काढ. दादासाहेब त्या दिवशी कोळशाच्या बाजूच्या, म्हणजे पाच नंबरकडच्या दारानं आत आले. धूर होता. इंजिनं सगळी सारखीच काळी, आणि वरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या बाजूनं मोजलं. एक, दोन. पाटी काढली आणि ऑफिसात जाऊन खिळ्याला अडकवायला उलटी केली, तर मागं ती खूण.

"मला वाचता येत नव्हतं," दादासाहेब म्हणाले. "पण ती खूण ओळखीची होती. मी पळालो. ढकलणाऱ्या इंजिनवाल्याला बिनपाटीचं तेवढंच दिसलं. दारापर्यंत पोचलो तर आवाज झाला."

"कसला आवाज?"

"वनिता, ते नको."

"मग? पाटीचं काय केलंत?"

"राखेच्या वॅगनमध्ये टाकली. वर राख ओढली."

"आणि साहेबांनी विचारलं?"

"म्हटलं, पाटी नव्हती. त्यांनी लिहून घेतलं. मी फुली मारली."

"त्यांनी भलतंच लिहिलं असेल. तुम्हाला वाचता येत नव्हतं..."

इथं दादासाहेबांना वाट मिळत होती. बायकोच ती करून देत होती. एवढं मात्र त्यांनी खोटं केलं नाही. "नाही. त्यांनी बरोबर लिहिलं. जबाबाची नक्कल मला दिली होती, पुढं वाचता यायला लागल्यावर ती काढून बघितली. मी सांगितलं तेच होतं."

वरच्या मजल्यावर गंधारची बायको व्हॅक्यूम फिरवत होती. तो आवाज थांबेपर्यंत वनिताबाई पत्राच्या घड्या नीट दाबत राहिल्या.

"माझ्याशी लग्न केलंत ते त्याच्यासाठी?" वनिताबाईंनी विचारलं.

दादासाहेबांनी झारा पायरीवर ठेवला आणि मान खाली घातली. वनिताबाईंना तेवढं पुरेसं होतं.

"चुकून काढलीत त्याचं मी काही म्हणत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पोरगे होतात दोघं. अंधार, धूर. पण माझा बाप त्याला नावं ठेवत मेला हो. आई खाटेवर होती तेव्हा तुम्ही तिच्या पायाशी बसला होतात. मी तुम्हाला 'श' शिकवला या हातांनी. बावीस दिवस! मला वाटायचं मेंदू जड आहे. आणि आता महिनाभरापूर्वी त्याच अक्षरांनी पुन्हा खोटं लिहिलंत. तेव्हा अडाणी होतात. आता?"

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "लिहा. जिथं खोटं लिहिलंत तिथंच लिहा. पाटी भाईनं लावली होती, मी काढली. एवढंच. जास्त नको."

"लिहितो. रुचाचा साखरपुडा होऊ दे. आत्ता लिहिलं तर पोरीला काय वाटेल, तिच्या सासरचे काय म्हणतील..."

"बरं," वनिताबाई म्हणाल्या. "साखरपुडा होऊ दे."

साखरपुडा झाला. दिवे मंद झाले, गाणं लागलं आणि पडद्यावर माणसं यायला लागली. रुचाचा पहिला वाढदिवस, गंधार शाळेच्या कपड्यांत, वनिताबाई पहिल्या बर्फात चपला घालून उभ्या. लोक हसले. मग शरद आला, बगळ्यासारखा उभा, शेजारी पाटी, पायांत पांढऱ्या नाड्यांचे बूट. खाली सुंदर अक्षरांत: 'शरद मामाआजोबा, ४ मार्च १९६८'. चार सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादासाहेबांनीही वाजवल्या. शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वनिताबाई वॉशरूमला गेल्या होत्या, त्या जेवणं सुरू झाल्यावरच बाहेर आल्या.

गणपती बसले, उठले. दादासाहेब रोज टॅब्लेट उघडायचे आणि दुसऱ्यांचे फोटो ओळखायचे. टेंडर, चिमणी, दिवा. अंगठे मिळायचे. तो फोटो उघडून त्याखाली दोन शब्द लिहायचे, पुसायचे. अकरा हजार लोकांनी ज्यांना मान दिला होता, त्यांच्यापुढं हे कसं टाकायचं? कॉलिन काय म्हणेल? खरं सांगायचं तर त्यांना मेलेल्या शरदपेक्षा जिवंत कॉलिनची भीती जास्त वाटत होती, आणि हे त्यांचं त्यांनाच कळल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. तरी लिहिलं नाही.

पितृपक्षाच्या पहिल्या सोमवारी वनिताबाईंनी बॅग भरली. गंधारला म्हणाल्या, "माधवीकडे जाते थोडे दिवस. तिच्या ड्यूट्या फार आहेत, घरी कोणी नाही." देवघराशेजारची फ्रेम काढून त्यांनी साडीत गुंडाळली.

"कधी येशील?" दादासाहेबांनी विचारलं.

"लिहिलंत की फोन करा. मी येईन."

भांडण नाही, आवाज नाही. गंधारला वाटलं, आईला मुलीची आठवण येते आहे. चारशेएक हायवेनं दोन तासांवर लंडन. माणूस दोन तासांवर जाऊन इतका लांब जातो हे दादासाहेबांना तेव्हा कळलं.

नोव्हेंबरात कॉलिन माधवीच्या घरी जाऊन आला. फोटोची मोठी प्रत आणि मूळ निगेटिव्ह त्यानं वनिताबाईंना दिली आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायला. ग्रुपवर त्यानं दोघांचा फोटोही टाकला. दादासाहेबांनी तो मोठा करून बघितला. ती बारीक झाली होती. त्यांनी माधवीला फोन केला.

"तिनं कॉलिनला काही सांगितलं का?"

"काय सांगायचं होतं?" माधवी म्हणाली. "मी विचारलं तिला, तुमचं काय बिनसलंय. तर म्हणते, ते तुझ्या बाबांचं होमवर्क आहे, ते करतील. बाबा, तुम्ही दोघं काय लहान आहात का?"

फोन वनिताबाईंकडे दिला गेला.

"लिहिलंत?"

"लिहितोय."

"पांघरूण घेऊन झोपत जा, बेसमेंटात गारठा असतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डिसेंबर गेला. संक्रांतीला तिळगूळ पोस्टानं आला, त्यात चिठ्ठी नव्हती. जानेवारीत चौथ्या आठवड्यात बर्फ पडलं. गंधार पहाटेपासून शोव्हल करत होता. मंगळवारी सकाळी दहा वाजता माधवीचा फोन आला. आई आंघोळ करून बाहेर आली, खुर्चीत बसली आणि मान टाकली. हार्ट अटॅक. नर्स मुलगी घरातच होती, तरी काही करता आलं नाही.

सगळं लंडनलाच झालं. दादासाहेबांना व्हीलचेअरवरून आत नेलं. वनिताबाईंच्या हातांवर माधवीनं फोटोची फ्रेम ठेवली होती. दहनाच्या मशीनमध्ये जायच्या आधी तिथल्या माणसानं ती काढून बाजूला ठेवली, आत काच चालत नाही म्हणून.

अकराव्या दिवशी, टोरोंटोच्या घरी सगळे वर जेवत असताना, दादासाहेबांनी खाली बसून लिहिलं. मदत कोणाची घेतली नाही. एका बोटानं, सव्वा तास. 'फोटो ११ मार्चचाच आहे. पाटी शरदनं लावली होती. मी चुकून काढली आणि लपवली. चौकशीत मी खोटं बोललो आणि इथंही खोटं लिहिलं. त्याची काही चूक नव्हती.' पाठवलं. आणि छातीवर दगड पडायची वाट बघत बसले.

पहिलं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. खूप हृदयस्पर्शी, शेअर केल्याबद्दल आभार. मग हात जोडलेली चित्रं. कोणीतरी लिहिलं, त्या काळी सुरक्षेचे नियम फार ढिले होते. दुपारी कॉलिननं फोटोखालची तारीख बदलली आणि लिहिलं: "धन्यवाद, दादा. हे लिहायला धैर्य लागतं. वनिताबद्दल फार वाईट वाटलं. तारीख आता पक्की झाली." त्याच्याखाली, तासाभरानं, दुसऱ्या एकाचा प्रश्न: तारीख ठरलीच आहे तर दादा, हेही सांगाल का, या इंजिनाचा टेंडर रिव्हेटचा होता की जोडलेला? फोटोत नीट दिसत नाही.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. कोणी ग्रुपमधून काढलं नाही. ज्या भीतीपायी त्यांनी पाच महिने घालवले ती भीती मुळात नव्हतीच. ज्या एका माणसाला ते वाक्य वाचायचं होतं, तो माणूस तेवढा उरला नव्हता.

दादासाहेबांनी टेंडरचं उत्तर दिलं नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा काढला, ग्रोसरीच्या जाहिरातीचा एक कागद उलटा केला आणि त्यावर पेन्सिलीनं, तिनं शिकवलेल्या वळणानं लिहिलं. रुचाला म्हणाले, हे फ्रेमच्या मागं चिकटव.

शरदचंद्र रामजी पालशेतकर, वय सव्वीस, सोमवार दिनांक ११ मार्च १९६८ रोजी सकाळी दहा वाजता मेला. पाटी लावलेली होती. त्याची बहीण वनिता, वय बहात्तर, मंगळवार दिनांक २३ जानेवारी २०२४ रोजी सकाळी वारली. तोपर्यंत हे लिहून तिला कळवलेलं नव्हतं.